कंपनी पुण्यात काढा, पण आधी निर्लेखनाची खोली पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडची बरीच मुलं-मुली इंजिनिअर होऊन पुण्या-मुंबईत आरोग्य तंत्रज्ञानाची कंपनी काढायला निघतात. गावाकडच्या दवाखान्यांसाठी काही करावं ही त्यांची ओढ खरी असते, आणि कंपनी मोठ्या शहरात काढावी हेही बरोबरच आहे. सर्किट बोर्ड बनवून देणारा, प्लॅस्टिकचा साचा पाडणारा, विद्युत सुरक्षेची चाचणी करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, परवान्याची फाइल लिहून देणारा जाणकार, हे सगळं एका ठिकाणी तिथेच मिळतं. आमचं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. कंपनीची नोंदणी करण्याआधी या मुलांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली एक खोली पाहावी, जिथे बंद यंत्रं निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी होऊन लिलावात जाण्याची, वाट पाहत पडलेली असतात.

तिथे २०२१ च्या कोरोना लाटेत आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बहुधा दिसतील. वरून कोरे, कॉम्प्रेसर चालतो, तरी ऑक्सिजन येत नाही. आत झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. पण नायट्रोजनपेक्षा पाण्याची वाफ ते जास्त घट्ट धरतात. यंत्र महिनोन्‌महिने नुसतं उभं राहिलं की ओल आत शिरते आणि दाणे निकामी होतात. उन्हाळ्यात वॉर्डात कूलर लागतो आणि यंत्र त्याच्या शेजारीच ठेवलेलं असतं, म्हणजे दिवसभर ओली हवाच ओढतं. जिनिंग सुरू झालं की कापसाची बारीक तूस मागच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. चांगलं यंत्र ९० टक्क्यांच्या वर शुद्धता देतं. हा आकडा ठळक दाखवणारा पडदा, स्क्रू न काढता हाताने ओढून धुता येणारी जाळी, आणि वापर नसला तरी आठवड्याला अर्धा तास चालवण्याची आठवण देणारा बझर, एवढं असतं तर यातली बरीच यंत्रं आज वॉर्डात असती. या सुधारणांना कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

शेजारी पेशंट मॉनिटर असेल. यंत्र ठीक, फक्त बोटाला लावायच्या प्रोबची तार क्लिपच्या मानेशी, जिथे ती रोज वाकते, तिथे तुटलेली. त्या कंपनीची पिन वेगळी, म्हणून बाजारातला प्रोब बसत नाही. नव्या कंपनीने पहिल्याच दिवशी ठरवावं की पिन सगळीकडे मिळणारीच ठेवायची. गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी पिन बदलणं हा रुग्णावरचा अन्याय आहे.

आता विजेचं. गावातल्या फीडरवर कृषीपंप सुरू झाले की २३० व्होल्टचे १७० होतात आणि रात्री पंप बंद झाले की २६० च्या वर जातात. पॉवर सप्लायवर ‘१०० ते २४०’ छापलेलं असतं, त्यामुळे खालची बाजू तो सांभाळतो आणि वरच्या बाजूला जळतो. न्यूट्रल तुटला तर एका फेजवर ४०० पर्यंतही येतं. म्हणून ३०० व्होल्टला तोडणारं संरक्षण यंत्राच्या आतच बसवा, ‘स्टॅबिलायझर ग्राहकाने लावावा’ असं पुस्तिकेत लिहून मोकळं होऊ नका. अर्थिंगचाही विचार करा. काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि प्लेटचा मातीशी संपर्क सुटतो. मग ईसीजीच्या कागदावर विजेच्या पन्नास हर्ट्झची दाट लव येते आणि नाव यंत्राचं खराब होतं. यंत्र बसवायला जाणाऱ्याने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावं. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी खड्ड्यात पाणी टाकायला लावावं, मग यंत्र जोडावं.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं तापमान मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातं. मोटारसायकलच्या बंद डिकीत ते आणखी वाढतं. ग्लुकोजच्या बहुतेक स्ट्रिप ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि साधारण लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करू नये. उपकेंद्रात फ्रिज असला तर तो लसींचा असतो, त्यात तुमच्या स्ट्रिपना जागा नाही.

हे पाहून झालं की कागदाकडे या. सर्वांत महत्त्वाचा कागद एकच: यंत्राचा किंवा अ‍ॅपचा उद्देश सांगणारं वाक्य. ‘हे अ‍ॅप श्वासांचा आकडा नोंदवून ठेवतं’ आणि ‘हे अ‍ॅप श्वास मोजून बाळाला न्यूमोनिया आहे असं सांगतं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसह सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. २०१७ च्या नियमांत जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाला उत्पादन परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा आहे आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून, आणि तो केंद्राकडून. निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी ए वर्गाची साधनं तेवढी नुसत्या नोंदणीवर सुटतात. वर्ग ठरतो त्या एका वाक्यावरून. गुंतवणूकदाराला खूश करण्यासाठी माहितीपत्रकात ‘निदान करतं’ असं लिहिलं, की साध्या नोंदवहीच्या अ‍ॅपलाही परवान्याची फाइल लागते.

इथे चूक होते ती नमुन्यांची. दहा नग बनवून ओळखीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘पायलट’ म्हणून ठेवतात. चाचणीसाठी नग बनवायलाही वेगळा परवाना लागतो. अर्ज एमडी-१२ या फॉर्ममध्ये, परवाना एमडी-१३ मध्ये. रुग्णावर वापरायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी वेगळी. दुसरी चूक जागेची. उत्पादन परवाना त्या जागेला असतो. अकरा महिन्यांच्या करारावरच्या सामायिक ऑफिसच्या पत्त्यावर उत्पादन दाखवू नका, जागा सोडली की फाइल पुन्हा सुरू. सुरुवातीला दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर, म्हणजे त्याच्या जागेत आपल्या नावाच्या परवान्यावर, नग बनवून घेणं शहाणपणाचं.

श्वास मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने दायांसाठी केलेलं साधन आठवावं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाला दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त श्वास, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, ही न्यूमोनियाच्या संशयाची हद्द मण्यांनीच सांगितली. ते चार्ज करावं लागत नाही आणि त्याला रेंज लागत नाही. तुमचं अ‍ॅप या साधनापेक्षा नेमकं काय जास्त देतं, ते लिहून काढा.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भातून निघालेल्या बऱ्याच कल्पना त्याभोवतीच असतात. राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळच दिसतं. फरक कळतो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी. सहा महिन्यांखालच्या बाळात किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यात सोल्युबिलिटी चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. आता अ‍ॅपमध्ये ‘पॉझिटिव्ह’ असा एकच रकाना ठेवला, तर वाहक असलेली धडधाकट मुलगी त्या एका शब्दावर रुग्ण ठरते आणि तिची सोयरीक मोडते. चाचणी कोणती, प्रकार कोणता, पुष्टी झाली का आणि कुठे, हे चार रकाने वेगळे हवेत. पुष्टी होईपर्यंत पडद्यावर रंग नको, लाल तर नकोच.

माहितीची परवानगी घेण्याचा प्रश्न इथे जास्त अवघड आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. गोंडी आणि कोरकू त्या अनुसूचीत नाहीत. कायद्याची अट मराठीत पूर्ण होईल, पण धारणीच्या कोरकू आईला ती कळणार नाही. तिच्या बोलीत ध्वनिमुद्रित सूचना ठेवा. शिवाय मोबाइल नंबरला माणूस समजू नका. घरात फोन एक असतो, तो नवऱ्याबरोबर वावरात गेलेला असतो आणि ओटीपी तिकडेच वाजतो. मेळघाटातली कुटुंबं कामासाठी बाहेर जातात आणि परतताना सिमकार्ड बदललेलं असतं.

शेवटचं पैशाचं. यंत्र अनेकदा जिल्हा नियोजनच्या निधीतून येतं, पण कार्ट्रिज आणि अभिकर्मकांचा, म्हणजे चाचणीच्या रसायनांचा, खर्च दुसऱ्या लेखाशीर्षात शोधावा लागतो. त्यामुळे दरपत्रकात यंत्राच्या किमतीच्या आधी एका चाचणीचा खर्च आणि पाच वर्षांच्या देखभालीचा दर लिहा. चाळीस केंद्रांत यंत्र दिलं तर बसवल्याच्या चाळीस दाखल्यांवर सह्या झाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे देण्याची तरतूद कायद्यात आहे, तरीही अनुदान येईपर्यंत सहा महिने पगार निघतील एवढं भांडवल बाजूला ठेवूनच सरकारी काम घ्या.

आमची जिल्हा शल्य चिकित्सकांना विनंती आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत प्रत्येक यंत्रापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते शेवटचं कधी चाललं, कोणता भाग गेला आणि तो भाग का मिळाला नाही. ही यादी लिलावाआधी एक आठवडा रुग्णालयाच्या फलकावर लावावी आणि ज्यांना यंत्रं उघडून पाहायची आहेत त्यांना भांडारपालाच्या समक्ष पाहू द्यावीत.

आपले,
ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय उपकरणांची देखभाल करणारे तंत्रज्ञ,
जि. यवतमाळ