पिन चालत नाही म्हणून फॉरमॅट मारू नका

संपादक महोदय,

पावसाळाभर बंद घरात पडून असलेला, नाहीतर आईवडिलांनी जेमतेम वापरलेला संगणक गणपतीला चाकरमानी गावी आले की सुरू होतो आणि पहिल्याच पडद्यावर अडतो. कुठे पिन चुकीचा म्हणतो, कुठे पिन टाकायची जागाच दिसत नाही, तर कुठे निळ्या पडद्यावर भलामोठा आकडा मागतो. दुकानात नेला की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ त्या फॉरमॅटमध्ये बागेचे हिशेब, होमस्टेची बुकिंगे, स्कॅन केलेले सातबारे आणि घरचे फोटो असे सगळेच जाते. बहुतेक वेळा याची काहीही गरज नसते. विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी नेमके काय करावे, ते सविस्तर लिहितो.

आधी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. पिन हा फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. पासवर्ड मायक्रोसॉफ्ट खात्याचा असतो आणि तो कुठल्याही यंत्रावर चालतो. मुंबईत बसून मुलाने मोबाइलवर खात्याचा पासवर्ड बदलला, तरी गावच्या संगणकाचा पिन जुनाच राहतो. शिवाय तो संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, तर पासवर्डच्या जागी तो जुनाच पासवर्ड स्वीकारतो. ‘नवा पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. नेट जोडावे, मग नवा पासवर्ड टाकावा.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी, दमट हवा असते. कीबोर्डच्या आतल्या पत्र्यांना आणि जोडांना गंज धरतो आणि एखादाच आकडा उमटेनासा होतो. सहा आकडी पिन टाकताना पडद्यावरचे ठिपके मोजावेत. पाचच दिसले तर दोष स्मरणशक्तीचा नाही, बटणाचा आहे. मग उजवीकडे खाली माणसाच्या आकृतीचे जे चिन्ह असते (विंडोज १० मध्ये ते वेगळ्या आकाराचे आहे), त्यावर क्लिक करून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडावा आणि माउसने पिन टाकावा. लॅपटॉपला उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा संच असेल तर नम लॉक चालू आहे का, तेही पाहावे. ते बंद असेल तर ती बटणे आकडे देतच नाहीत. पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक आणि भाषा, दोन्ही तपासावेत. मराठी टायपिंग बसवलेल्या संगणकावर खाली उजवीकडे ‘मराठी’ दिसत असेल तर इंग्रजी अक्षरे उमटणारच नाहीत. विंडोजचे बटण दाबून धरून स्पेस दाबले की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवले की आपण काय टाइप केले ते दिसते. वयस्कर माणसांना हे चिन्ह आवर्जून दाखवून ठेवावे.

चुकीचा पिन सारखा सारखा टाकत राहू नये. काही प्रयत्नांनंतर पडद्यावर ए१बी२सी३ अशी इंग्रजी अक्षरे दिसतात आणि तीच जशीच्या तशी टाइप करायला सांगितले जाते. बटण अडकून आपोआप आकडे पडत नाहीत ना, याची ती खात्री असते. तो पिन नव्हे. त्यानंतरही चुका होत राहिल्या तर यंत्र रिस्टार्ट करायला सांगते, आणि शेवटी मदरबोर्डवरची टीपीएम नावाची सुरक्षा चिप स्वतःला काही काळ बंद करून घेते. या चिपचा नियम साधारण असा आहे की ३२ चुका झाल्या की कुलूप, आणि पुढे दर १० मिनिटांना एक चूक माफ. पण ही १० मिनिटे यंत्र चालू असतानाच मोजली जातात. रात्रभर बंद ठेवून सकाळी पाहिले, तर चिपच्या हिशेबात काहीच वेळ गेलेला नसतो. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात हे ध्यानात ठेवायला हवे. यंत्र इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर चालू ठेवून, कीबोर्डला हात न लावता थांबावे.

पिन खरोखरच विसरला असेल तर पिनच्या चौकटीखालची ‘आय फरगॉट माय पिन’ ही ओळ दाबावी. त्यासाठी इंटरनेट लागते. ते लॉगिनच्या पडद्यावरूनच जोडता येते. खाली उजवीकडे नेटवर्कचे चिन्ह असते, त्यातून घरचे वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट निवडावा. रेंज फक्त अंगणात येत असेल तर लॅपटॉपच अंगणात न्यावा. मग खात्याचा पासवर्ड मागितला जातो, खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर कोड येतो, तो टाकला की नवा पिन दोनदा टाकायचा. यात एकही फाइल जात नाही. पिनच्या जागेशेजारी ‘साइन-इन ऑप्शन्स’ असे लिहिलेले असेल तर त्यातले किल्लीचे चिन्ह दाबून पिनऐवजी थेट पासवर्डनेही आत जाता येते. किल्ली दिसतच नसेल, तर त्या यंत्रावर ‘फक्त विंडोज हॅलोनेच (म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशानेच) साइन-इन’ ही सोय चालू आहे. एकदा आत गेल्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे जाऊन ती बंद करावी. ती चालू असेपर्यंत पिन काढून टाकायचे बटणही दाबता येत नाही.

खरी अडचण येते ती कोड कुठे जातो इथे. संगणक विकत घेताना दुकानदाराने घाईत स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, नाहीतर तिथल्या तिथे नवा ईमेल बनवून स्वतःचाच नंबर दिलेला असतो. कुठे मुलाचा कॉलेजातला नंबर असतो. रिचार्ज न केल्याने तो बंद पडतो आणि पुढे कंपनी तो दुसऱ्याच कुणाला देते. मग पासवर्ड ठाऊक असूनही कोड परक्याच्या फोनवर जातो. अशा वेळी खात्याची जुनी सुरक्षा माहिती बदलण्याची विनंती करता येते, पण त्यासाठी ३० दिवस थांबावे लागते. गणपतीची सुट्टी तेवढी नसते. पासवर्डही ठाऊक नसेल तर मायक्रोसॉफ्टचा खाते परत मिळवण्याचा अर्ज आहे. मात्र दोन पायऱ्यांची पडताळणी (पासवर्डनंतर कोडही मागणारी) चालू केलेल्या खात्याला तो अर्ज चालत नाही.

मायक्रोसॉफ्ट खाते नसलेल्या, म्हणजे लोकल खात्याच्या संगणकावर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली ‘रिसेट पासवर्ड’ दिसते. खाते उघडताना दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली की नवा पासवर्ड ठेवता येतो. उत्तरे तेव्हा ज्या स्पेलिंगने दिली, त्याच स्पेलिंगने लागतात.

आता ‘समथिंग हॅपन्ड अँड युवर पिन इझन्ट अव्हेलेबल’ या संदेशाकडे वळू. इथे तुमचा पिन बरोबर असतो, पण ज्या चिपच्या भरवशावर तो ठेवलेला आहे ती चिपच यंत्राला सापडत नाही. आपल्याकडे याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर२०३२, ३ व्होल्टची. संगणक महिनोन्‌महिने वीज न मिळता पडून राहिला की ती उतरते. मग घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग्ज मूळ पदावर येतात. काही मदरबोर्डवर त्यात टीपीएम बंद होते. तारीख चुकली की मायक्रोसॉफ्टचे पडताळणीचे पानही उघडत नाही, आणि लोक नेटला दोष देत बसतात. बॅटरी किरकोळ किमतीची आहे. ती बदलावी, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर करावी आणि टीपीएम चालू करावे. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी या नावाने असते, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम. चिपमधले काही पुसले गेले नसेल तर जुना पिन पुन्हा चालू लागतो.

एएमडीच्या काही यंत्रांवर सुरू होताना काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल विचारतात, ‘वाय’ दाबा की ‘एन’. ‘वाय’ दाबल्यास चिपमधल्या किल्ल्या पुसल्या जातात. डिस्क बिटलॉकरने लॉक असेल आणि ती उघडणारी ४८ आकड्यांची रिकव्हरी की (तिच्याविषयी पुढे लिहिले आहे) हाताशी नसेल, तर ‘वाय’ दाबू नये.

चिप व्यवस्थित असूनही पिनचा साठा बिघडू शकतो, विशेषतः अपडेट चालू असताना लाइट गेली तर. पासवर्डने आत जाऊन पिन काढून टाकावा आणि नवा ठेवावा. तेही जमत नसेल तर जाणकाराकडून सी ड्राइव्हमधले विंडोज, सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट या वाटेने जाऊन ‘एनजीसी’ नावाचा फोल्डर रिकामा करून घ्यावा. त्याची मालकी आधी ॲडमिनकडे घ्यावी लागते. तो रिकामा केला की त्या संगणकावरच्या सगळ्यांचे पिन जातात, म्हणून प्रत्येकाचा पासवर्ड आधी तपासून मगच हे करावे. फाइलींना धक्का लागत नाही.

निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची की मागितली जाते, ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची. हा पिन नव्हे आणि तो अंदाजाने टाकण्याचा प्रकार नाही. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केले की डिस्क आपोआप लॉक होते आणि तिची की त्याच खात्यात साठवली जाते. बायोस अपडेट झाले, बॅटरी बदलली, टीपीएम बंद पडले की यंत्र ती मागते. मोबाइलवर एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी हे पान उघडून त्याच खात्याने लॉगिन करावे. संगणकाच्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरे तिथल्या यादीशी जुळवावीत आणि त्या ओळीसमोरचे ४८ आकडे टाकावेत. ते खाते दुकानदाराचे असेल तर कीसुद्धा त्याच्याच खात्यात असते. की कुठेच सापडली नाही तर त्या डिस्कवरची माहिती कोणालाही काढता येत नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

डिस्क लॉक नसेल आणि लॉगिनचा प्रत्येक मार्ग बंद झाला असेल, तरीही फॉरमॅटच्या आधी माहिती काढता येते. डिस्क बाहेर काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी आणि युजर्स फोल्डर उतरवून घ्यावा. हे करून घ्यायचा आग्रह ग्राहकानेच धरला पाहिजे, आणि उतरवलेल्या फाइली स्वतः उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.

लॉगिन अडले की लोक मोबाइलवर ‘मायक्रोसॉफ्ट हेल्पलाइन’ शोधतात आणि मिळेल त्या नंबरवर फोन करतात. तिथेच फसवणूक होते. समोरचा माणूस कोड विचारतो किंवा मोबाइलवर स्क्रीन दाखवणारे ॲप घालायला सांगतो, आणि त्याच मोबाइलवर बँकही असते. आलेला कोड फक्त आपण, आपल्याच पडद्यावर टाकायचा असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. संगणकाचा पिन एटीएमचाच ठेवण्याची सवयही मोडावी.

संगणक विकणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की ग्राहकाचे खाते ग्राहकाच्याच नंबरवर, त्याच्यासमोर उघडावे. बिलासोबत एका कागदावर खात्याचा ईमेल, जोडलेला मोबाइल नंबर आणि असल्यास ४८ आकड्यांची की लिहून द्यावी. पासवर्ड ग्राहकाने स्वतः घरी लिहून ठेवावा. खात्याला दोन नंबर जोडावेत, एक गावच्या माणसाचा आणि एक मुंबईतल्या. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नये, कारण बॅग चोरीला गेली तर दोन्ही एकदमच जातील. ज्यांचे यंत्र आज नीट चालू आहे, त्यांनी सुट्टी संपून मुले परत जाण्याआधी एकदा पिनऐवजी पासवर्डने लॉगिन करून पाहावे आणि जोडलेला नंबर अजून चालू आहे का, ते तपासावे.

आपले,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक,
रत्नागिरी