बोटीच्या इंजिनाची अर्धवट दुरुस्ती आणि वारंवार दिलेल्या खोट्या तारखांबाबत तक्रार

दिनांक : ३ मार्च २०२५
बेलापूर, नवी मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नवी मुंबई कार्यालय

विषय : इम्पेलर, हीट एक्स्चेंजर व शाफ्ट अलाइनमेंटच्या कामातील त्रुटी, आगाऊ रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आमची शिडाची बोट ऑक्टोबरमध्ये आपल्या यार्डात होती. बेलापूरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण आणि पुढे गोवा, हा आमचा बेत आपल्याला पहिल्या भेटीतच सांगितला होता. त्यासाठीच इंजिनाचे सगळे काम आपल्याकडे दिले. आज ती बोट रत्नागिरीला मिरकरवाड्यात अडकून आहे, आम्ही रेल्वेने घरी परतलो आहोत आणि सहलीचा हंगाम हातचा गेला आहे.

डिसेंबरमध्ये दाभोळच्या पुढे इंजिन तापल्याचा अलार्म वाजला. शिडावर कसेबसे जयगड गाठले. आपला मेकॅनिक आला, त्याने इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी खेचणारा पंप उघडला, तर इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या रबरी चक्राची, तीन पाती तुटून गायब झालेली. माझ्या यजमानांनी तिथेच विचारले, "ही तीन पाती गेली कुठे?" त्यावर उत्तर मिळाले, "गेली पाण्याबरोबर बाहेर." नवा इम्पेलर बसवून तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

पंपातून सुटलेला रबराचा तुकडा पाण्याबरोबर पुढे जातो आणि हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे त्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकतो. इम्पेलर तुटला की आधी त्याची सगळी पाती शोधायची, मग नवा बसवायचा, हे या कामातले अगदी प्राथमिक आहे. एक्झॉस्टमधून पाणी नेहमीपेक्षा कमी पडते आहे, हेही यजमानांनी मेकॅनिकला दाखवले होते. त्याने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

व्हायचे तेच झाले. रत्नागिरीच्या वाटेवर इंजिनाचा वेग जरा वाढवला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. शेवटी इंजिन बंद केले आणि एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला मिरकरवाड्यात आत घेतले. आपण मात्र बोट न पाहता, फोनवरच निदान केलेत : हीट एक्स्चेंजर निकामी, नवा परदेशातून मागवावा लागेल, किंमत १,४२,००० रुपये, निम्मी रक्कम आगाऊ, माल दहा दिवसांत. ७१,००० रुपये आम्ही त्याच दिवशी भरले.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. दहा दिवस उलटले तेव्हा आपण संक्रांतीचा वायदा केलात. संक्रांत झाली, मग २६ जानेवारीनंतर नक्की. त्यानंतर माल कस्टममध्ये अडकला. एका फोनवर तो न्हावाशेवा बंदरात होता, दुसऱ्या फोनवर मुंबई विमानतळावर. बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टममधल्या नोंदीचा, क्रमांक मी लेखी मागितला, तो आजपर्यंत मिळालेला नाही. माल खरोखर मागवला होता का, असा प्रश्न मला पडला आहे आणि त्याचे उत्तर मला कागदावर हवे आहे.

समुद्रावर तारखेला काय किंमत असते, हे बोटींच्या धंद्यात असलेल्या आपल्यासारख्यांना मी सांगावे, याचे वाईट वाटते. थंडीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोन वाऱ्यांवर लहान बोट सुखाने कोकण उतरते. मार्च लागला की दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो, पण परत येताना तोच तोंडावर येतो आणि लाटा अंगावर घेत यावे लागते. आपण सुरुवातीलाच "दोन महिने लागतील" म्हणाला असतात, तर बोट ओळखीच्या माणसांच्या हवाली करून आम्ही घरी आलो असतो. पण प्रत्येक वेळी "चार दिवसांत" ऐकून आम्ही तिथेच थांबलो. मच्छीमार बोटींच्या गर्दीत बोट एकटी सोडता येत नव्हती, त्यामुळे आम्ही आळीपाळीने रात्र जागवत होतो. उशीर एक वेळ समजून घेता येतो. पण खोट्या तारखेमुळे आम्हाला दुसरा कोणताच निर्णय घेता आला नाही.

अखेर मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरांची इंजिने करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी हीट एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण काढले. आत तीन काळी पाती, एकावर एक चिकटून, निम्म्या नळ्यांची तोंडे बंद करून बसलेली होती. ती चिमट्याने काढली, नळ्या साफ केल्या, नवी ओ-रिंग (रबरी कडी) घालून झाकण लावले. इंजिन पूर्ण वेगात चालवले, काटा जागचा हलला नाही. नव्या हीट एक्स्चेंजरची गरज कधीच नव्हती. हे झाकण जयगडलाच उघडले असते, तर आम्ही तेव्हाच मालवणला पोचलो असतो. माझे सासरे मालवणचे. वय ऐंशीच्या पुढे. मुलाची बोट धक्क्यावरून कधी पाहायला मिळेल, असे ते रोज फोन करून विचारत होते.

दुसरी बाब शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून बोटीच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची. तो इंजिनाशी एका रेषेत बसवणे म्हणजे अलाइनमेंट. आपल्या बिलात "शाफ्ट अलाइनमेंट पूर्ण" असे लिहून ४,८०० रुपये लावले आहेत आणि बिलाची तारीख बोट पाण्यात उतरवण्याच्या आधीची आहे. टेकूंवर उभ्या बोटीचा आकार पाण्यात गेल्यावर थोडा बदलतो. म्हणून शेवटचे अलाइनमेंट बोट किमान एक दिवस तरंगू देऊन, मगच करतात. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात आणि आमच्या चार इंची कपलिंगला फरक साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. आपण मोजलेले आकडे कुठेच नाहीत. शाफ्ट थरथरतो. शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून इंजिन चालू असताना थेंब थेंब पाणी यावे, तिथे बंद इंजिनावरही धार लागते आणि रोज सकाळी पंप लावून बोटीतले पाणी उपसावे लागत होते. या अवस्थेत वाऱ्याच्या तोंडावर बोट मुंबईकडे आणणे धोक्याचे आहे.

तरी आगाऊ घेतलेले ७१,००० रुपये आणि अलाइनमेंटचे ४,८०० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. जयगडच्या फेरीचे बिलही रद्द करावे. याशिवाय, आपला जाणकार माणूस मार्च संपण्याआधी रत्नागिरीला पाठवून बोट पाण्यात असताना अलाइनमेंट व ग्लँड पॅकिंगचे काम आपल्या खर्चाने करून द्यावे आणि गेजचे आकडे लिहून सही करून द्यावेत. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीच बंदरातल्या बोटी किनाऱ्यावर ओढायला सुरुवात होते. वाटेत काही झाले तर दोर टाकायलाही तेव्हा कोणी नसेल. त्यामुळे एप्रिलमध्ये आम्हाला बोट घरी आणायचीच आहे. माणूस कोणत्या तारखेला निघेल ते लेखी कळवा, आणि ती तारीख पाळता येणार नसेल तर कृपया देऊच नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करणार आहे. बोट आमच्या स्वतःच्या वापराची आहे, व्यवसायाची नाही. बिले, पैसे भरल्याची पावती, आपले सगळे संदेश आणि झाकण उघडल्यावर काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. ती तीन पाती माझ्याकडे पिशवीत जपून ठेवली आहेत. आपल्या माणसाला ती पाहता येतील, पण ताब्यात मिळणार नाहीत.

आपली,
एक ग्राहक
बेलापूर, नवी मुंबई