हँडल सोडलं तरी टग थांबत नाही : चौथी तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवतो.

आमचं सेस्ना १७२ विमान हँगरमधून आत-बाहेर करायला तुमचा बॅटरीवरचा टग, म्हणजे विमान ओढायचं मशीन, घेतला. हँडल सोडलं की ब्रेक लागून तो जागच्या जागी थांबायला हवा. तो थांबत नाही. तीन वेळा कळवलं, तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘बॅटरी चार्ज करा.’ बॅटरी पूर्ण चार्ज होती.

मंगळवारी विमान बाहेर काढताना डावा पंख दाराच्या खांबाकडे जायला लागला. पंखाशी उभा असलेला पोरगा ओरडला, मी हँडल सोडलं, तरी टग उतारावरून विमानाला घेऊन पुढेच. पोराने चाकाखाली चोक (अडवायचा ठोकळा) सारला म्हणून वाचलो. पंखांचा पसारा ११ मीटर, आमचं दार साडेबाराचं. टोकाचा लाल दिवा आणि खांब यांत चार बोटं उरली होती.

हे सगळं आज सांगितलं, तर तुमचा माणूस विचारतो, “सर, विमान न्यूट्रलमध्ये आहे का?” म्हटलं, विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं, न्यूट्रल कुठून येणार? “तरी एकदा चेक करा ना सर.” पुन्हा समजावलं. मग अकरा मिनिटं होल्डवर. परत येऊन म्हणतो, “टीम म्हणतेय, तोपर्यंत पुढचा पंखा धरून ओढून घ्या.” प्रॉपेलर धरून! इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं अर्थिंग तुटलेलं असेल तर पंखा हलताच इंजिन सुरू होऊ शकतं, माणसाचा हात जातो. विमानाचा टग विकणाऱ्या कंपनीने हा सल्ला द्यावा? टीममध्ये कुणी हँगर पाहिलाय का?

शिवाय ब्रेक नसलेला टग तिरका गेला की नाकाचं चाक ३० अंशांच्या पुढे वळतं आणि नोज गिअर (त्या चाकाचा सांगाडा) दुखावतो. मग तपासणी होईपर्यंत विमान जमिनीवर. त्याची भरपाई कोण देणार?

तुमचाच टो-बार (विमान ओढायचा दांडा) आमच्याकडे नऊ वर्षं आहे, अजून एक पिनही बदललेली नाही. त्याच भरवशावर टग घेतला, याचं फार वाईट वाटतं.

हँडल सोडल्यावर टग थांबलाच पाहिजे. शनिवारपर्यंत ब्रेक घेऊन तुमचा मेकॅनिक इथे यावा, फोन नको. नाहीतर मशीन उचला आणि पूर्ण पैसे परत करा. सोमवारी वकिलाची नोटीस निघेल. तोवर आम्ही चौघं पंखाखालच्या स्ट्रटला (आधाराच्या दांड्याला) हात लावून विमान ढकलतो आहोत.

हँगर इनचार्ज,
बारामती