माझ्या लेकीला 'हयलाच' (इथलीच) म्हणणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण लेकीचा अधिवास दाखला हातात पडल्यापासून चार ओळी लिहिल्याशिवाय मला चैन नाही.

माझं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात ऐनवेळी अवघड झालं म्हणून गोव्यातल्याच बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं. लेक तिथे जन्मली, सव्वा महिन्यानं सासरी आली, ती आजतागायत तेरेखोल नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातच आहे. अंगणवाडीपासून बारावीपर्यंत सगळं शिक्षण इथलं. पण जन्मस्थळ गोवा दिसलं की समोरच्याचा चेहराच बदलायचा. "गोव्याची मुलगी, तिकडेच जा." ज्यांनी हे ऐकवलं त्यांनी खालचा कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही. जन्म होतो तिथेच त्याची नोंद होते, 1969 चा कायदाच आहे तसा. अधिवासाला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, ते शाळेच्या रजिस्टरात स्वच्छ दिसत होतं. हे आम्ही त्यांना समजावायचं? आमच्याकडच्या कितीतरी बायका अडल्या वेळी बांबोळीच गाठतात. 1961 पर्यंत मध्ये फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, हद्द होती, तेव्हासुद्धा पेडण्याच्या मुली इकडे नांदायला येत होत्या. त्यांची पोरं काय परकी झाली?

तुमच्या टेबलाकडे आलो त्या दिवशी पोरगी पार खचली होती. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली, बाहेर धो धो पाऊस आणि शाळेचा दाखला पिशवीतच भिजलेला. तो पुढे करताना तिचा हात थरथरत होता. आता याच्यावरूनही बोलणी खावी लागणार, असंच आम्हां दोघींना वाटलं.

तुम्ही पर्समधून रुमाल काढलात. दाखला टेबलावर पसरून, शाई पुसली जाऊ नये म्हणून न घासता नुसता टिपून घेतलात. मुडपलेला कोपरा नखानं सरळ केलात. पंख्याखाली ठेवून एका बाजूला पंचिंग मशीन, दुसऱ्या बाजूला तुमचा जेवणाचा डबा ठेवलात. आणि तो सुकेपर्यंत तिला विचारत बसलात, गणित कोण शिकवायचं, पुढे काय शिकायचंय. मग म्हणालात, "भिया नको गो चेडवा, तू हयलाच."

ती तिथेच रडली. मीही.

दाखला नियमानंच मिळाला, पण तिला माणूस म्हणून वागवा असं कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. आमच्यामागे रांग होती, फोन वाजत होता, तरी तुम्ही वेळ दिलात. अशी माणसं सरकारी टेबलांमागे आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा धीर टिकतो. तुमच्या घरच्यांनाही माझा नमस्कार सांगा.

लेकीचा इंजिनीअरिंगला प्रवेश झाला. आमच्या वाडीत बांबोळीला जन्मलेल्या आणखी दोन मुली यंदा बारावीला आहेत. त्यांच्या आयांना मी आत्ताच सांगून ठेवलंय, कुठल्या टेबलाकडे जायचं ते.