पोविस किल्ल्याच्या मालकीचा पूर्ण इतिहास छापावा

महोदय,

वेल्समधील पोविस किल्ल्याविषयी पर्यटन पुरवण्यांत लिहिले जाते तेव्हा त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेचे कौतुक होते आणि टिपू सुलतानाच्या वस्तूंचा एखाद्या वाक्यात उल्लेख येतो. त्या वस्तू तेथे कशा पोचल्या, हे मालकीचा क्रम सांगितल्याशिवाय उलगडत नाही.

वेल्श राजाने तेराव्या शतकात बांधलेला हा लाल दगडाचा किल्ला १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने विकत घेतला. पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सची बाजू घेतल्याने तो त्यांच्या हातून गेला आणि १७२२ मध्ये परत मिळाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस घराणे कर्जात बुडाले होते. १७८४ मध्ये हेन्रिएटा हर्बर्टचा विवाह रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याच्याशी झाला. तिचा अविवाहित भाऊ १८०१ मध्ये वारला, तेव्हा त्याने सारी मालमत्ता भाच्याच्या, म्हणजे हेन्रिएटा-एडवर्ड यांच्या मुलाच्या, नावे केली, मात्र भाच्याने क्लाइव्ह आडनाव सोडून हर्बर्ट लावावे, अशी अट घातली. १८०७ मध्ये भाच्याने ती पाळली. म्हणजे नाव हर्बर्टांचेच राहिले, पण घराणे सावरले ते क्लाइव्हच्या हिंदुस्थानातील संपत्तीवर.

एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असतानाच १७९९ मध्ये टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडली. विजेत्यांनी टिपूचे सिंहासन फोडून वाटून घेतले. त्यावरील एक रत्नजडित सोनेरी व्याघ्रमुख आज पोविसमध्ये आहे. टिपूचा फुलांच्या नक्षीचा सुती तंबू तर या कुटुंबाने बागेतील मेजवान्यांसाठी वापरला, हे वाचून मन विषण्ण होते.

आपल्याकडे हे प्रकरण प्लासीपासून सुरू होते असे समजतात. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या आरमाराबरोबर चालून आलेल्या फौजेचा सेनानी हाच रॉबर्ट क्लाइव्ह होता. आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांनी या मोहिमेला साथ दिली होती, हेही लपवू नये.

१९५२ मध्ये पोविस मृत्युपत्राने ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ब्रिटनमधील नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. या संस्थेने २०२० मध्ये आपल्या वास्तूंचे वसाहतवादाशी असलेले संबंध अहवालात मांडले, तेव्हा तिच्यावर तेथेच मोठी टीका झाली. तरीही संस्थेने हे काम केले, याचे मला मोल वाटते. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी बागेच्या छायाचित्रांशेजारी हा मालकीचा क्रम आणि विजयदुर्गाचा संदर्भ अवश्य द्यावा, ही विनंती.

एक वाचक, देवगड