उद्घाटनाची गर्दी नको, वर्षअखेरची हजेरी छापा

महोदय,

वंचित मुलांसाठी अभ्यासवर्ग, मार्गदर्शक ताई-दादा किंवा सुट्टीतले शिबिर सुरू झाले की त्याची बातमी येते. दप्तरवाटप, पाहुण्यांचे भाषण, मुलांचा समूहफोटो. त्यात गैर काही नाही. अशी बातमी वाचूनच चार नवे हात कामाला येतात. पण त्याच उपक्रमात दहा महिन्यांनी किती मुले येत होती आणि सुरुवातीच्या ताई-दादांपैकी किती जण टिकले होते, हे सहसा कुठे वाचायला मिळत नाही. मुलाचे भले झाले की नुकसान झाले, हे मात्र याच दोन आकड्यांवरून कळते. नुकसान हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरत आहोत.

चांगल्या हेतूने केलेल्या कामातून वाईट काय होणार, असे अनेकांना वाटते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली असाच एक मोठा उपक्रम सुरू झाला. त्यात ५०६ मुलगे होते. वय, घरची परिस्थिती, स्वभाव पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत दिली: कार्यकर्त्याच्या घरभेटी, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिर. हे सरासरी पाच वर्षे चालले. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनंतर या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. आपल्याला फायदा झाला, असे मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितले. नोंदी उलट बोलत होत्या. पुन्हा पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, लवकर मृत्यू या बाबतींत मदत मिळालेल्यांचीच स्थिती जोडीदारापेक्षा वाईट होती. पुढच्या विश्लेषणात दिसले की, एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलेल्या मुलांचे नुकसान सर्वांत जास्त झाले. बिघडण्याच्या उंबरठ्यावर असलेली मुले एकत्र, मोकळा वेळ भरपूर आणि एकमेकांच्या खोड्यांना मिळणारी दाद, यातून हे घडले असावे, असे संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणून 'वाया चाललेल्या' मुलांचा वेगळा गट करू नये. दहाच्या गटात अशी दोन-तीन मुले असावीत, बाकीची मिसळलेली. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या उपक्रमांचाही अनेकदा अभ्यास झाला आहे. त्यातूनही गुन्हे कमी न होता वाढलेलेच दिसले.

आता मार्गदर्शक ताई-दादांविषयी, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. अमेरिकेतील 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था शंभराहून अधिक वर्षे हे काम करते. तिच्या आठ शहरांतील शाखांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक मिळालेल्या मुलांनी न मिळालेल्यांच्या तुलनेत शाळेला जवळपास निम्म्याच दांड्या मारल्या. अमली पदार्थांना पहिल्यांदा हात लावण्याचे प्रमाणही त्यांच्यात ४६ टक्क्यांनी कमी होते. भेटी महिन्यातून साधारण तीन, प्रत्येक चार-चार तासांची. एवढे वाचून 'आपणही करू' असे वाटते. पण हीच माहिती जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा तपासली आणि २००२ साली त्यातली दुसरी बाजू मांडली. नाते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकले तिथे फायदा सर्वांत मोठा होता. जिथे ते तीन महिन्यांतच तुटले, तिथे मुलाचा स्वतःवरचा आणि स्वतःच्या अभ्यासावरचा विश्वास आधीपेक्षा घसरला होता. ज्याच्या आयुष्यातून आधीच एखादे मोठे माणूस निघून गेले आहे, त्याला आणखी एका माणसाने सोडून जाणे कसे लागते, हे वेगळे सांगायला नको. मूल कारण विचारत नाही. चूक आपलीच, असा अर्थ ते स्वतःच लावते.

म्हणून स्वयंसेवक घेताना पहिला प्रश्न 'तुम्हाला काय शिकवता येते' हा नसावा. 'पुढचे बारा महिने याच गावात आहात का' हा असावा. परीक्षा, बदली, लग्न, नोकरीचा शोध यांपैकी काही समोर दिसत असेल, तर त्या व्यक्तीला मुलाशी थेट जोडू नये. पुस्तकांची मांडणी, चाचण्या तपासणे, हजेरीची नोंद ही कामे द्यावीत. तीही तितकीच लागतात. चाळीस स्वयंसेवक घेऊन तीस गमावण्यापेक्षा बाराच घ्यावेत आणि बाराही टिकवावेत. टिकवण्यासाठी पंधरा-वीस जणांमागे एक समन्वयक हवा, आणि तो शक्यतो पगारी हवा. पहिल्या दोन महिन्यांत त्याने प्रत्येकाशी दर आठवड्याला बोलावे, कारण बरेच जण याच काळात गळतात. कारण बहुधा एकच असते: मूल गप्प बसते, आणि ताईला वाटते की आपल्याला हे जमत नाही. अनोळखी मोठ्या माणसापुढे दोन-तीन महिने गप्प राहणे हे त्या मुलाच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते, एवढे समन्वयकाने वेळेवर सांगितले तरी निम्मे जण टिकून राहतात.

तरीही कुणाला जावेच लागले, तर जाण्याचीही पद्धत ठरलेली हवी. किमान तीन भेटी आधी तारीख सांगायची. कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचे, दुसऱ्याकरवी निरोप पाठवायचा नाही. शेवटच्या दोन भेटींत नवी ताई किंवा नवा दादा सोबत बसलेला हवा. आणि 'मी अधूनमधून येत जाईन' असे म्हणायचे नाही, खरोखर येणार असू तरच म्हणायचे. मूल त्या वाक्यावर महिनोन्‌महिने दाराकडे बघत बसते.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात: पूर्वचौकशी केल्याशिवाय कुणालाही मुलांजवळ येऊ देऊ नये, बंद दाराआड एक मूल आणि एक मोठा माणूस कधीच नसावा, आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना नावानिशी माहीत असावे. यात तडजोड नाही.

अभ्यासाची मदत करताना सर्रास होणारी चूक म्हणजे इयत्तेप्रमाणे बसवणे. सहावीतले मूल सहावीचे पुस्तक उघडते, त्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही आणि दादा त्याच्याकडून सहावीचा गृहपाठ उतरवून घेतो. गृहपाठ पूर्ण होतो, मूल होते तिथेच राहते. 'प्रथम' संस्थेच्या मुंबई आणि वडोदऱ्यातील बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून, त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवले. शिकवणाऱ्या होत्या त्याच भागातल्या तरुणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि मदत थांबल्यावर वर्षभरात ती बरीच ओसरलेलीही दिसली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पातळी पाहायला मोठी परीक्षा लागत नाही. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून जरा दूर, कारण चार जणांसमोर अडखळायची लाज वाटली की मूल येत असलेलेही वाचत नाही. चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या. तीनपर्यंत चुका करत पण सलग वाचला, तर पुढे गोष्ट द्या. परिच्छेद जमला नाही तर सुटे शब्द द्या, पाचांपैकी चार बरोबर आले पाहिजेत. तेही नाही, तर अक्षरे. पाच-सात मिनिटांत कळते की मुलाचे बोट कुठे अडते: काना-मात्रेवर, जोडाक्षरावर की थेट अक्षर ओळखण्यावरच. त्याप्रमाणे गट करा, वय आणि इयत्ता विसरा, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला. गट बदलला नाही, तर 'अक्षरवाले' हा त्या मुलावरचा शिक्का होऊन बसतो.

गणितातही तसेच. ५२ वजा १७ दिले की बरीच मुले ४५ लिहितात. नुसती फुली मारून उपयोग नाही. मुलाने २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ घालवले, आणि त्याच्या दृष्टीने नियम पाळला. त्याला 'हातचा घे' असे दहादा सांगून काही होत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या आणि सतरा काढायला सांगा. सात सुट्या काड्या मिळत नाहीत, म्हणून मूल आपणहून एका गठ्ठ्याचे रबर काढते. हातचा त्याला तिथे कळतो. मग तेच वहीत. यासाठी शिकवणाऱ्याकडे दोन-तीनच मुले असली तर फार बरे. शिकागोच्या काही शाळांत एका शिक्षकाजवळ दोनच मुले, तीही वेळापत्रकातल्या रोजच्या तासाला, अशी रचना केली आणि गणितात मोठी प्रगती झाली. आठवड्यातून एकदा तीस जणांचा वर्ग घेऊन तसे होत नाही. आठवड्याला किमान तीन बैठका जमत नसतील, तर मुले कमी घ्यावीत, बैठका कमी करू नयेत.

आणि शिकवायला लागण्याआधी डोळे तपासा. सहा मीटरवर तक्ता, एका वेळी एकच डोळा, दुसऱ्यावर तळहात, डोळा न दाबता. 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलांपैकी काहींना फळाच दिसत नसतो. चष्मा दिल्यावर तो वापरला जातो का, हेही पाहावे लागते. चिडवतात म्हणून तो दप्तरात राहतो.

मुले न येणे हे सर्वांत मोठे दुखणे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालवले. जी मुले आली ती वाचायला शिकली, पण आली ती गावातल्या मुलांपैकी केवळ ८ टक्के. पद्धत उत्तम होती, फक्त मुले तिथवर पोहोचली नाहीत. न येण्याची कारणे फार साधी असतात: धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, परतताना अंधार पडतो, जागा सारखी बदलते, घरी काम असते. धाकट्यांसाठी कोपऱ्यात चटई आणि चार खेळणी ठेवली, तर मोठी बहीण येते. वर्ग अंधाराआधी संपला आणि मुली गटाने परतल्या, तर पालक पाठवतात. लागोपाठ दोन बैठका चुकल्या की त्याच दिवशी कुणीतरी घरी जावे, आणि 'का आला नाहीस' असे न विचारता 'काय झालं' असे विचारावे. महिन्याने गेलात, तर मुलाने मनातून वर्ग सोडलेला असतो. शाळेच्या हजेरीवरही लक्ष हवे. महिन्याला दोन दांड्या किरकोळ वाटतात, पण वर्षाअखेरीस जवळजवळ दहा टक्के शाळा बुडालेली असते.

किशोरवयीन मुलांना अभ्यासाइतकाच रागाशी वागण्याचा सराव लागतो. शिकागोतील 'बिकमिंग अ मॅन' या उपक्रमात दर आठवड्याला गट बसतो. पहिल्या बैठकींपैकी एकीत दोघांची जोडी लावतात, एकाच्या मुठीत चेंडू आणि दुसऱ्याला तीस सेकंदांत तो मिळवायचा असतो. जवळपास सगळे बोटे ओढतात, पिरगळतात, ढकलतात. मग विचारले जाते की, नुसते 'दे' म्हणून का नाही मागितले? समोरचा म्हणतो, 'मागितला असता तर दिला असता.' भाषण काही नाही, पण समोरच्याच्या मनात काय आहे हे आपण न विचारताच ठरवतो, हे मुलाला स्वतःच्या हातातून कळते. या उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. उपक्रम संपल्यावर तो परिणाम टिकला नाही. म्हणजे हेही एका वर्षात संपणारे काम नाही.

शाळा संपून पुढच्या प्रवेशापर्यंतचे तीन महिने बहुतेक उपक्रम मोकळे सोडतात, आणि हुशार मुलेही नेमकी तेव्हाच हातची जातात. कुठला कागद राहिला, कुठली तारीख उलटली, शुल्क भरायचे कसे हे विचारायला घरात कुणी नसते. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी अमेरिकेत अशा मुलांना मोबाइलवर तारखांची आठवण देणारे मोजके संदेश पाठवले, तर काही ठिकाणी तेवढ्यानेही प्रवेश घेणारे वाढले. म्हणून निकालाच्या दिवशी पेढे वाटून काम संपवू नये. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पुढची तारीख आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या दादाचे नाव लिहिलेले असावे.

शेवटी आपल्याला एक विनंती. अशा उपक्रमांची बातमी छापताना आयोजकांना तीन आकडे विचारा: पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी दहाव्या महिन्यात किती मुले येत होती, सुरुवातीच्या ताई-दादांपैकी किती उरले, आणि एकाच मुलाच्या पहिल्या व शेवटच्या वाचनचाचणीची नोंद किती मुलांची आहे. तिसरा आकडा यासाठी की, गळणारी मुले बहुधा सर्वांत मागे पडलेली असतात. ती गेली की उरलेल्यांची सरासरी कुणी काहीही न शिकता वर जाते आणि अहवालात ती प्रगती म्हणून छापली जाते.

आपले,
वस्तीतील अभ्यासवर्ग चालवणारे काही कार्यकर्ते