आत्याच्या धाकटीला पुण्याला पाठवण्याआधी

कर्वेनगर, पुणे
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले की आत्याच्या धाकटीला कस्टमर केअरच्या नोकरीसाठी पुण्याला पाठवावे का आणि तिला ते काम जमेल का, तेव्हा मी घाईघाईने "जमेल की, पाठवा" एवढेच म्हणाले. ते उत्तर अपुरे होते. मी नऊ वर्षे हे काम करते आहे आणि गेली तीन वर्षे मुलाखती घेणाऱ्यांमध्येही बसते. घरातल्या मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून जे मला ठाऊक आहे ते सविस्तर लिहीत आहे. हे पत्र आत्यालाही वाचून दाखवावे.

आत्याची पहिली शंका इंग्रजीची आहे. परदेशी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कंपन्यांत इंग्रजी बोलण्याची परीक्षा असते आणि ती कठीण असते, हे खरे. परंतु बँका, विमा, मोबाइल, घरपोच वस्तू पाठवणाऱ्या कंपन्या यांचे महाराष्ट्रातले ग्राहक मराठीत आणि हिंदीत बोलतात, आणि त्यांच्यासाठी तशाच माणसांची भरती होते. तिथे आम्ही पाहतो ते एवढेच की बोललेले पहिल्याच वेळी समजते का, वाक्य पूर्ण होते का, आकडे सांगताना वेग कमी होतो का. मोबाइल नंबर एका दमात न सांगता दोन-दोन, तीन-तीन आकडे करून सांगणे, नावातले अक्षर कळले नाही तर "पी पुण्याचा की बी बारामतीचा" असे विचारून घेणे, ही साधी सवय ज्याला आहे त्याला आपल्या फलटणच्या बोलीचा काहीही अडसर होत नाही. थोडे इंग्रजी वाचता मात्र आले पाहिजे, कारण समोरच्या पडद्यावरची माहिती बहुतेक इंग्रजीतच असते.

खरी कसोटी ऐकण्याची आहे. मी एका बँकेच्या ग्राहकांचे फोन घेत होते तेव्हाचा, तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला एक कॉल सांगते. पलीकडे वयस्क गृहस्थ होते आणि ते पहिल्याच वाक्याला म्हणाले, "माझे खाते बंद करून टाका." खाते बंद करण्याची पद्धत मला पाठ होती, ती दीड मिनिटात सांगून मी कॉल संपवला असता तरी माझ्याकडून कागदोपत्री काही चुकले नसते. परंतु त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. मी विचारले, "काका, बँकेकडून काही त्रास झाला का?" त्यावर ते गप्प झाले. आमच्या भाषेत या शांततेला डेड एअर म्हणतात, आणि ती लांबली की क्वालिटीवाले, म्हणजे आमचे कॉल तपासणारे, गुण कापतात. तरी मी थांबले. मग हळूहळू कळले की डिसेंबरचे पेन्शन जमा झालेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये काकू दवाखान्यात होत्या आणि त्या धावपळीत हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला होता. त्यांना वाटत होते की आता सगळेच अडकले. मी त्यांना सांगितले की दाखला उशिरा दिला तरी चालतो, तो जमा झाला की पेन्शन पुन्हा सुरू होते आणि थकलेली रक्कमही मिळते. शाखेत जाता येत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. त्यांचा पुतण्या शेजारीच बसला होता, त्याला मी एकेक पायरी सांगितली. कॉल चौदा मिनिटे चालला. आमच्या एका कॉलची सरासरी साडेपाच मिनिटांत बसावी लागते, त्यामुळे त्या दिवशीचा माझा आकडा बिघडला. पण खाते बंद झाले नाही, आणि त्या माणसाने दुसऱ्यांदा फोन केला नाही. माझ्या मते पुन्हा फोन करावा न लागणे हेच आमच्या कामाचे खरे माप आहे, आणि चांगला टीम लीडर मिनिटांच्या आकड्याआधी ते पाहतो.

ऐकण्याइतकेच महत्त्व लिहिण्याला आहे, आणि हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. प्रत्येक कॉलची नोंद करावी लागते, आणि पुढचे सगळे त्या नोंदीवर चालते. एखाद्याचा घाबरलेला फोन येतो की खात्यातून पैसे गेले. अशा वेळी चौकशी नंतर करायची; आधी कार्ड बंद करायचे, मग तक्रार नोंदवून तिचा क्रमांक द्यायचा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवायला सांगायचे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले असतील आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर नुकसान पडत नाही. आणि ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे फोन केव्हा आला आणि ग्राहक नेमके काय म्हणाला, ही आम्ही टाइप केलेली ओळ त्याच्या आयुष्यभराच्या बचतीचा पुरावा ठरू शकते. अशी ओळ लिहिणाऱ्या माणसाला "फोन उचलणारे" म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते.

बाबा, तुम्ही फलटणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा तेव्हा शाळा सुटल्यावर मी तुमच्या मागच्या बाकावर गृहपाठ करत असे. पुण्याची गाडी कधी येणार, असे कोणी विचारले की तुम्ही नुसते "येईल" म्हणत नसा. "जेजुरी सोडली आहे, लोणंदला दहा मिनिटे थांबेल, अजून दीड तास धरा, चहा घेऊन या" असे सांगायचा, आणि माहिती नसेल तर "विचारून सांगतो, इथेच थांबा" म्हणून खरोखर फोन फिरवायचा. ग्राहकाला जे ठाऊक आहे ते नेमके सांगावे, जे हातात नाही त्याचे वचन देऊ नये आणि विचारून सांगतो म्हटले की सांगावे, हे आमच्या प्रशिक्षणात तीन आठवडे शिकवतात. मी ते त्या बाकावर पाहिले होते.

आता नोकरी मिळण्याविषयी. साधारणपणे पहिली फेरी एचआरची, नंतर टायपिंग आणि बोलण्याची चाचणी, मग मॉक कॉल म्हणजे परीक्षेपुरता खोटा कॉल, आणि शेवटी ज्या प्रोसेसमध्ये, म्हणजे ज्या कंपनीच्या ग्राहकांसाठी काम करायचे, तिथल्या मॅनेजरची भेट, असा क्रम असतो. बऱ्याच ठिकाणी हे सगळे एकाच दिवसात उरकतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी नापास झाले होते, ते तुम्हाला त्या वेळी सांगितले नव्हते. स्वतःची ओळख मी इंग्रजीत पाठ करून गेले होते. समोरच्या बाईंनी विचारले, "काल घरातून इथवर कशा आलात ते सांगा," आणि मी पाठ केलेलेच पुढे म्हणत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले तरी माझ्या लक्षात आले नाही. प्रश्न न ऐकणारी मुलगी ग्राहकाचे काय ऐकणार, असे त्यांना वाटले असेल तर त्यात चूक नव्हती. म्हणून धाकटीला कृपया काहीही पाठ करायला लावू नका.

मॉक कॉलमध्ये आमच्यापैकी एकजण ग्राहक होतो. मी होते तेव्हा मुद्दाम रागाने बोलते, आणि बोलण्याच्या मध्ये एक महत्त्वाची गोष्ट हलक्या आवाजात टाकून देते. मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता, दिसायला चुणचुणीत, बोलणे अस्खलित. मी म्हणाले, "साडी अजून आली नाही, चार वेळा फोन केला, परवा भाचीचे लग्न आहे, तुमच्याकडे कोणी ऐकतच नाही." त्याने तीनदा माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत साडी पोहोचेल असे सांगून मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत पोहोचवणे त्याच्या हातात नव्हते. त्याच्यानंतर इंदापूरकडची एक मुलगी आली. ती अडखळत बोलत होती, पण मी थांबल्यावर म्हणाली, "मॅडम, लग्न परवा आहे म्हणजे साडी उद्यापर्यंत हातात हवी. लग्न पुण्यातच आहे की बाहेरगावी? कारण तुम्ही उद्या निघणार असाल तर पार्सल घरी येऊन उपयोग नाही." मग तिने ऑर्डर क्रमांक विचारून वाचून दाखवला, आणि उद्या येणे शक्य आहे का ते तपासून एका तासात कळवते, शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगेन, म्हणजे तुम्हाला दुसरी सोय करता येईल, असे म्हणाली. आम्ही तिला घेतले. अडखळणे दोन महिन्यांत जाते. ऐकण्याची वृत्ती दोन महिन्यांत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

टायपिंगची चिंता नाही. धाकटीने राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची संगणक टायपिंगची परीक्षा दिली आहे, आणि तेवढा वेग पहिल्या नोकरीला पुरतो. तिला ऐकता ऐकता टाइप करण्याचा सराव मात्र हवा. आकाशवाणीच्या बातम्या लावून त्यांचा आशय चार-पाच ओळींत लिहून काढावा, शब्दशः नको.

एक गोष्ट आत्याला ठासून सांगा. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे कोणी मागितले तर तिथेच थांबावे. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून देऊ नयेत. नेमणुकीचे पत्र हातात आल्यावर पगाराच्या आकड्यावर थांबू नये. हातात किती येणार, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, सोडून जाताना किती दिवस आधी सांगावे लागते आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का, हे वाचून मगच सही करावी. पत्र मला पाठवा, मी ओळ न ओळ वाचीन.

आई, तुझी काळजी रात्रपाळीची आहे. देशातल्या ग्राहकांचे काम बहुतेक दिवसाचे असते, तरी शिफ्ट बदलत राहते आणि सणावारी सुट्टी मिळेलच असे नाही. हे तिला आधी सांगायला हवे, कारण गणपतीत घरी येता आले नाही की पहिल्या वर्षी मुली खचतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवल्यास तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीत गाडीची सोय विचारायला तिने संकोचू नये. आणि शिव्यांचे म्हणशील तर, होय, शिव्या ऐकाव्या लागतात. आमच्याकडे दोनदा समज देऊन कॉल बंद करण्याची मुभा आहे. पण शिव्या देणाऱ्यांपेक्षा रडणारे ग्राहक जास्त थकवतात, असे मला वाटते. अशा कॉलनंतर मी पाच मिनिटे हेडसेट काढून पाणी पिऊन येते, आणि हे मी माझ्या टीमच्या सगळ्या मुलांना सक्तीने करायला लावते.

यंत्रे ही कामे घेणार, असे बाबांनी पेपरात वाचले आहे. शिल्लक किती, पार्सल कुठे, असे सोपे प्रश्न यंत्राकडे गेलेच आहेत. आता माणसाकडे येतो तो फोन गुंतागुंतीचा किंवा चिडलेल्या माणसाचा असतो, त्यामुळे काम कमी लोकांचे आणि अधिक कसबाचे होत चालले आहे. म्हणूनच तिने वर्ष-दोन वर्षांत बँकेचे किंवा विम्याचे नियम नीट शिकून घ्यावेत, म्हणजे पुढे तक्रार निवारणाकडे किंवा क्वालिटीकडे जाता येईल.

ती आली की पहिले दोन महिने माझ्याकडेच राहील. मी नळ स्टॉपवरून मेट्रोने रामवाडीला आणि तिथून बसने खराडीला जाते. मुलाखती बहुधा त्याच भागात असतील, तेव्हा एकत्रच निघू. येण्याआधीचे पंधरा दिवस तिला रोज संध्याकाळी अर्धा तास आपल्या घरी बोलवावे, ही माझी विनंती आहे. बाबांनी आतल्या खोलीत बसून तिला फोन लावावा आणि गाडी चुकलेल्या प्रवाशासारखे तावातावाने बोलावे. असे प्रवासी त्यांना पुष्कळ आठवत असतील. आई, तू तिच्या शेजारी बसून एवढेच पाहा की बाबांचे बोलणे संपायच्या आत ती किती वेळा तोंड उघडते. तो आकडा रोज वहीत लिहून ठेव आणि मला रविवारी कळव.

तुमची,
थोरली